फास फेकू नका, आधी फोटो काढा

प्रश्न : आम्ही बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून असलेल्या एका जुन्या सोसायटीत राहतो. कंपाउंडमध्ये सात-आठ मांजरं आहेत, कोणाचीच नाहीत. मी रोज संध्याकाळी पंपरूमच्या मागे त्यांना खायला घालते. चौघांची नसबंदीही स्वखर्चाने करून घेतली. तळमजल्यावरच्या गृहस्थांना ती डोळ्यांसमोर नको आहेत. कुंड्यांत घाण करतात, गाडीच्या बॉनेटवर ओरखडे काढतात, अशी त्यांची तक्रार आहे. गेल्या महिन्यापासून ते सुके बोंबील लावून पिंजरा ठेवतात आणि सापडलेलं मांजर गोणीत घालून कुठेतरी सोडून येतात. मागच्या आठवड्यात भिंतीतल्या फटीत तारेचा फास दिसला. एका मांजरीचा पुढचा पाय त्यात अडकून सोलवटला आहे. पोलिसांकडे गेले तर ‘मांजर कोणाची? मालकाला आणा’ म्हणाले. सेक्रेटरी म्हणतात, खायला घालणं बंद करा, नाहीतर दंड लावू. पुन्हा फास दिसला तर उपटून फेकून देऊ का? कायद्यात या मुक्या जिवांसाठी काही आहे का?

उत्तर : ताई, आधी फासाचं बघू. तो लावलेल्या अवस्थेत तसाच ठेवायचा नाही, पण फेकायचाही नाही. तुमच्या हाताशी असलेला सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे ती तार. दिसला की हात लावायच्या आधी व्हिडिओ घ्या. आधी लांबून, म्हणजे भिंत, पंपरूम, मागची बिल्डिंग ओळखू येईल. मग जवळून, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून. ११२ ला फोन करा आणि फोन केल्याची वेळ लिहून ठेवा. पोलीस आले तर तार त्यांनीच पंचनामा करून ताब्यात घ्यावी असा आग्रह धरा. नाही आले, तर दोन शेजाऱ्यांसमोर तार सोडवा, कागदी पाकिटात घाला, पाकिटावर तारीख-वेळ लिहून तिघांच्या सह्या घ्या. पाय अडकलेलं मांजर समोर तडफडत असेल तर अर्थातच पोलिसांची वाट बघत बसायचं नाही, आधी सोडवायचं. कंपाउंड सोसायटीचं आहे. तिथून जखमी प्राणी सोडवला म्हणून तुमच्यावर कोणी चोरीचा गुन्हा टिकवू शकणार नाही, कारण चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो.

पिंजऱ्याचं मात्र जरा जपून. तो त्यांच्या बाल्कनीत किंवा घरात असेल तर तिथे पाऊल टाकू नका, नाहीतर घुसखोरीची उलटी तक्रार आलीच म्हणून समजा. खिडकीखालच्या मोकळ्या जागेत असेल तर गोष्ट वेगळी. कुंड्या मांडल्या म्हणून ती जागा त्यांची होत नाही, हे तळमजल्यावरच्या पुष्कळ मंडळींना पटत नसलं तरी.

आता ‘मालकाला आणा’. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा. त्यातल्या कलम ११ ला मालक लागत नाही. ‘कोणत्याही प्राण्याला’ विनाकारण वेदना होतील असं वागवणं हा गुन्हा आहे. फास त्यात सरळ बसतो. मांजर गोणीत कोंबून नेणं, हलायलाही जागा नसलेल्या पिंजऱ्यात रात्रभर ठेवणं आणि उपाशी मरेल अशा ठिकाणी सोडून येणं, यांसाठी त्याच कलमात वेगवेगळी पोटकलमं आहेत. ‘मारत थोडाच आहे, मच्छी मार्केटात नेऊन सोडतो’ हा बचाव म्हणूनच चालत नाही. अनोळखी जागी सोडलेल्या मांजरीला तिथली मांजरं आणि कुत्री टिकू देत नाहीत. ती पिलांची आई असली तर मागे राहिलेल्या पिलांचं काय होतं ते तुम्हीच पाहिलं असेल.

मग पोलीस हात का झटकतात? पहिल्या गुन्ह्याला या कलमाखाली दंड आहे दहा ते पन्नास रुपये. १९६० मध्ये ती रक्कम टोचत असेल. आज त्यात दोन-तीन वडापाव येतात. शिवाय प्राण्याला क्रूरपणे ठार मारणं किंवा त्याचा अवयव तोडणं अशी मोजकी पोटकलमं सोडली तर बाकीचे गुन्हे अदखलपात्र आहेत, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. त्यामुळे पोलीस ठाण्यात तुम्हाला फार तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) मिळते, आणि ती घेऊन माणूस समाधानाने घरी येतो. खरी गफलत इथे होते. एनसी म्हणजे खटला नव्हे. या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही तर तो पुढे दाखल करता येत नाही. सोसायटीच्या मीटिंगा, गणपती, दिवाळी, ‘बघू, समजावतो त्यांना’ यात तीन महिने कधी जातात ते कळत नाही. तुमच्या फासाचा आठवडा गेला आहे. पिंजऱ्याच्या पहिल्या घटनेला महिना झाला.

म्हणून मी फक्त या कायद्यावर विसंबणार नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ बघा. जुन्या भारतीय दंड संहितेतल्या (आयपीसी) ४२८ आणि ४२९ च्या जागी ते १ जुलै २०२४ पासून आलं. कोणताही प्राणी मारणं, त्याला विष घालणं, अपंग किंवा निकामी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पूर्वी प्राण्याची किंमत दहा रुपये की पन्नास, असला हिशेब होता. तो गेला. गुन्हा दखलपात्र आहे, जामीनपात्रही आहे, आणि तीन महिन्यांची ती अट इथे नाही.

अडचण दोन ठिकाणी येईल, ती आधीच सांगते. एक, नुसती सोलवटलेली कातडी म्हणजे ‘निकामी करणं’ नव्हे. पाय कायमचा अधू होतो का, हे डॉक्टरांनी लिहून द्यावं लागेल. तसं नसेल तर तुमची बाजू प्रयत्नाची: कलम ६२ सोबत ३२५. तारेचा फास मांजराला गोंजारायला कोणी लावत नाही, एवढं कोर्टाला कळतं. दोन, ३२५ च्या मुळाशी ‘आगळीक’ आहे, म्हणजे जनतेचं किंवा कोणा व्यक्तीचं नुकसान करण्याचा हेतू. समोरचा वकील म्हणेल, भटक्या मांजरीचं नुकसान झालं तर ते कोणाचं? उत्तर असं की कलमात ‘जनतेचं’ हा शब्द आहेच, आणि ज्या मांजरींची नसबंदी आणि उपचार रहिवाशांनी पैसे खर्चून केले त्यांच्याबाबतीत तर ते नुकसान आकड्यात दाखवता येतं. नसबंदीच्या पावत्या म्हणून जपून ठेवा.

पण या नादात अर्जात ‘माझी मांजरं’ असं चुकूनही लिहू नका. लिहिलंत की पुढचं वाक्य तयार आहे: ‘मग आपल्या घरात ठेवा.’ ‘सोसायटीच्या आवारातली सामुदायिक मांजरं, ज्यांना मी खाऊ घालते’ असं लिहा.

आज-उद्या एक काम करा. पाय दुखावलेली मांजर सापडत असेल तर तिला परळच्या जनावरांच्या बैलघोडा हॉस्पिटलला किंवा जवळच्या डॉक्टरकडे न्या आणि केस पेपर घ्या. ‘पायाला जखम’ एवढ्यावर सोडू देऊ नका. जखम गोल आहे का, तारेने आवळल्यासारखी आहे का, किती दिवसांची असावी, पाय टेकवते का, हे लिहून घ्या. डॉक्टर घाईत असतात, पण नम्रपणे मागितलं तर दोन ओळी जास्त लिहितात. उद्या एखादं मांजर मेलेलं सापडलं, विशेषतः तोंडाला फेस असेल तर, कळवळून लगेच पुरू नका. पिशवीत घालून बर्फाच्या पेटीत ठेवा (फ्रीझरमध्ये नको, गोठलेल्या अवयवांची तपासणी बिघडते) आणि पोलिसांकडून शवविच्छेदनासाठी पत्र मागा. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात ते होतं. विषाचा संशय असेल तर व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतले अवयव) कलिनाच्या फॉरेन्सिक लॅबकडे पाठवण्याची मागणी अर्जातच करा.

सोसायटीचा सीसीटीव्ही असेल तर आजच सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या की अमुक तारखांचं फुटेज जपून ठेवावं, आणि त्यांची पोच घ्या. फुटेज ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. कोर्टात ते वापरायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र लागतं, आणि तुमच्या मोबाइलवरच्या व्हिडिओलाही तेच लागतं. मूळ फाइल फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली प्रत म्हणजे मूळ फाइल नव्हे.

मग ठाण्यात लेखी अर्ज. तोंडी सांगणं आता बंद. वर ‘कलम ३२५, ६२, भा. न्या. सं. आणि कलम ११, प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा’ असं स्पष्ट लिहा. फास जिथे होता तिथून मुलं चेंडू काढायला जात असतील तर तेही लिहा, कारण दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशा निष्काळजी कृतीचं कलम १२५ मग लागू पडतं. मुलाचा हात अडकला असता, या एका वाक्याने ठाणे अंमलदाराची खुर्ची जेवढी पुढे सरकते तेवढी मांजरीच्या केस पेपरने सरकत नाही. वाईट वाटतं, पण तसं आहे. पाच वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा असल्यामुळे पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात. ते ‘टाळताहेत’ असं लगेच धरू नका. गुन्हा नोंदवलाच नाही तर तोच अर्ज परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना (डीसीपी) पोस्टाने, आणि तिथेही काही हललं नाही तर बोरिवली कोर्टात दंडाधिकाऱ्यांकडे. तिथवर वकील लागेल.

तुमच्या बाबतीत आणखी एक दार आहे, जे दादर-गिरगावातल्या वाचकाला नसतं. भिंतीपलीकडे नॅशनल पार्क आहे. तारेच्या फासाला घरचं मांजर आणि उदमांजर यातला फरक कळत नाही. मुंगूस, घोरपड, कधी बिबट्याचं पिल्लूही त्यात अडकू शकतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत फास लावणं आणि तसा प्रयत्न करणं दोन्ही येतं. शेजाऱ्यांनी वन्यप्राण्यासाठी फास लावला असा आरोप करू नका, तसा पुरावा तुमच्याकडे नाही. ‘उद्यानाच्या हद्दीला लागून तारेचा फास आढळला’ एवढंच वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर आणि परिक्षेत्र कार्यालयात लेखी कळवा. वनरक्षक येऊन भिंतीवरून नुसती एक फेरी मारून गेला तरी पुष्कळ काम होतं. पन्नास रुपयांना न घाबरणारा माणूस खाकी गणवेशाला घाबरतो. त्यांना पासपोर्ट रिन्यू करायचा असेल तर एफआयआरच्या विचारानेही घाबरेल.

सेक्रेटरींच्या दंडाचं फार मनावर घेऊ नका. १० मार्च २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतला नियम २० सांगतो की आवारातल्या सामुदायिक प्राण्यांच्या खाण्याची व्यवस्था, खाऊ घालणाऱ्या रहिवाशाला सोबत घेऊन, करणं ही सोसायटीचीच जबाबदारी आहे. हे नियम मुख्यत्वे कुत्र्यांसाठी लिहिलेत, पण सामुदायिक प्राण्याची व्याख्या कुत्र्यांपुरती नाही. त्यामुळे ‘खायला घालू नका’ असा ठराव कायद्याच्या विरोधात जातो. ‘सुप्रीम कोर्टाने बंदी घातली आहे’ असंही कोणीतरी म्हणेलच. २२ ऑगस्ट २०२५ चा तो आदेश भटक्या कुत्र्यांबद्दल, रस्त्यावर खाऊ घालण्याबद्दल आहे. मांजरांचा त्यात प्रश्न नव्हता.

पण नियम २० तुमच्यावरही बंधनं घालतो. जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, ये-जा करण्याच्या वाटेपासून दूर हवी, वेळ ठरलेली हवी, आणि मागे उष्टं राहता कामा नये. पंपरूमची मागची बाजू मला ठीक वाटते. पाण्याच्या टाकीचं झाकण तिथून किती अंतरावर आहे ते मात्र बघा. त्यावरून वाद घालणं अगदी सोपं असतं. ही जागा आणि वेळ ठरवून द्या असं पत्र कमिटीला द्या. एकमत झालं नाही तर त्याच नियमात प्राणी कल्याण समितीची तरतूद आहे. तिच्यात पोलीस, पशुवैद्यकीय अधिकारी, प्राणिमित्र संस्था आणि सोसायटी, सगळ्यांचा प्रतिनिधी बसतो.

आणि तळमजल्यावरच्या गृहस्थांचं सगळंच खोटं आहे असं समजू नका. तुळशीच्या कुंडीत कोणी रोज घाण केली तर मीही चिडेन. त्यांना खिडकीला जाळी लावण्याचा, गाडीला कव्हर घालण्याचा, कुंडीवर जाळी ठेवण्याचा पूर्ण हक्क आहे. फास लावण्याचा नाही, एवढाच वाद आहे. उरलेल्या मांजरांची नसबंदी उरका. बोक्यांचं मूत्र फवारणं आणि रात्रीचं भांडण त्याने बरंच कमी होतं, आणि कोर्टात ‘संख्या वाढतेय’ हा मुद्दा उरत नाही. पंपरूममागे एका घमेल्यात वाळू ठेवून बघा. कुंडीतली मऊ माती सोडून मांजरं तिकडे वळतात.

तुम्ही सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांचं नाव घेऊन ‘मांजरांचे खुनी’ असं लिहिल्याचं पत्राच्या शेवटी कळवलंय. तो मेसेज अजून सगळ्यांसाठी डिलीट करता येत असेल तर करा. अजून एकही मांजर मेलेलं सापडलेलं नाही, तेव्हा ‘खुनी’ हा शब्द त्यांना अब्रुनुकसानीची तक्रार तुमच्याच हातून देतो. त्याऐवजी सेक्रेटरींना सांगून बोर्डावर नाव न घेता सूचना लावायला सांगा: प्राण्याला मारणं, विष घालणं किंवा अपंग करणं गुन्हा आहे, कलम ३२५, शिक्षा पाच वर्षांपर्यंत; फास लावून किंवा कोंडून त्याला विनाकारण वेदना देणं हाही गुन्हा आहे, कलम ११. त्यांनी लावली नाही तर का लावली नाही, हे त्यांच्याकडून लेखी घ्या.