बाळ मुलगा की मुलगी हे सांगणारं कार्ड घरी कसं बनवायचं?

तुम्ही सातव्या महिन्यातच, डोहाळजेवणाला कार्ड वाटायचं म्हणताय. तेवढं नको, कळकळीनं सांगते. आपल्याकडं 1994 च्या कायद्यानं गर्भाचं लिंग शब्दानं, खुणेनं, कशानंही सांगायला बंदी आहे. विचारणाऱ्यालाही पहिल्या गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशातल्या निळ्या-गुलाबी कार्डांचे व्हिडिओ तिकडंच राहू देत.

कार्ड बाळ झाल्यावर करा, बारशाच्या आमंत्रणासोबत. जाड कार्डशीटच्या एका ए4 कागदाचे चार तुकडे केले की पोस्टकार्डाएवढी चार कार्डं होतात. कडेला जुन्या शहापुरी साडीच्या काठाची बारीक पट्टी चिकटवा; आमच्या भाचीच्या कार्डाला आजीच्या लुगड्याचा काठ लावला होता, लोकांनी ती कार्डं अजून जपून ठेवलीत. बाळाच्या पायाला शाई किंवा कुंकू लावू नका, कातडी फार नाजूक असते. बाळ झोपलेलं असताना पाऊल कागदावर टेकवून पेन्सिलीनं हलकेच गिरवा आणि तेच प्रत्येक कार्डावर उतरवा.

मजकूर मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत हवा. आपल्या बेळगाव सीमाभागात, निपाणी-खानापूरकडं निम्मे सोयरे कन्नड बोलणारे असतात. वर ‘मुलगी झाली हो’, खाली ‘हेण्णु मगू’. मुलगा असेल तर ‘गंडु मगू’. कन्नड ओळ शेजारच्या अक्कांकडून त्यांच्या लिपीत लिहून घ्या.

आणि मुलाला पेढे, मुलीला बर्फी हा भेद नकोच. कुणीही होवो, कार्डासोबत बेळगावचा दुधाचा गोड कुंदाच द्या.