बारावी सायन्सनंतर अँब्युलन्सवरचा पॅरामेडिक व्हायचंय, कॉलेजात प्रवेशाला नेमकं काय लागतं?

तुमचा प्रश्न असा आहे: परभणी जिल्ह्यातलं गाव, यंदा बारावी सायन्स, बायोलॉजी आहे, १०८ च्या गाडीवर काम करायची इच्छा आहे, तर पॅरामेडिकच्या कॉलेजला किती टक्के आणि कोणती कागदपत्रं लागतात.

टक्के आणि कागदपत्रं सांगतोच, पण त्याआधी शब्दाचा घोळ सोडवू, कारण निम्मी मुलं इथंच चुकीच्या वर्गात जाऊन बसतात. आपल्याकडं बसस्टँडच्या भिंतीवर 'पॅरामेडिकल प्रवेश सुरू' असं लिहिलेलं दिसतं तेव्हा त्याचा अर्थ लॅब, एक्स-रे, ओटी, भूल, कॅथ लॅब यांचे टेक्निशियन असा असतो. ही सगळी दवाखान्याच्या चार भिंतींतली कामं. तुम्ही म्हणता तो पॅरामेडिक, म्हणजे अपघाताच्या जागी जाऊन रुग्णाला सांभाळत दवाखान्यात आणणारा माणूस. त्याचं कागदोपत्री नाव आहे इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट किंवा खालच्या पातळीवर इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, बोलीत ईएमटी. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात (सहयोगी आरोग्य व्यावसायिकांचा राष्ट्रीय आयोग ज्यानं आला तो) हा पेशा वेगळा नोंदवलेला आहे. म्हणून माहितीपत्रकात 'इमर्जन्सी' हा शब्द शोधा. तो नसेल तर तो कोर्स चांगला असला तरी तुमच्या कामाचा नाही.

दुसरं, १०८ बद्दल. महाराष्ट्रात ही सेवा २६ जानेवारी २०१४ ला ९३७ गाड्यांवर सुरू झाली, त्यातल्या २३३ अ‍ॅडव्हान्स्ड आणि ७०४ बेसिक. आपल्या राज्याची खासियत अशी की या गाड्यांवर सुरुवातीपासून डॉक्टर बसतो, बहुतेक बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेला. ईएमटी झालं की थेट १०८ वर नेमणूक, असा सरळ रस्ता इथं नाही. नांदेडपासून सीमा ओलांडली की चित्र वेगळं: तेलंगणात १०८ वर ईएमटीच असतो, आणि ही सेवा मुळात हैदराबादेतच २००५ साली सुरू झाली. महाराष्ट्रात ईएमटीला काम मिळतं ते खासगी दवाखान्यांच्या कार्डिॲक अँब्युलन्सवर, कॅज्युअल्टीत आणि कारखान्यांत. पाचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात रुग्णवाहिका कक्ष ठेवणं कामगार कायद्यानं बंधनकारक आहे, त्यामुळं वाळूज, शेंद्रा, जालना या पट्ट्यात चौकशी करायला जागा आहे. हे पचवून पुढं जायचं असेल तर आता प्रवेशाचं बघू.

दारं दोन. एक पदवीचं: बारावीनंतर तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटीचा (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) साचा हाच आहे, अभिमत विद्यापीठांच्या बीएस्सीही साधारण याच धर्तीवर. दुसरं कौशल्य प्रमाणपत्राचं: ईएमटी बेसिक आणि त्यावर ईएमटी अ‍ॅडव्हान्स्ड, काही महिन्यांचे कोर्स. माझं मत विचाराल तर बारावीत बरे मार्क असतील तर पदवीच घ्या. वरच्या कायद्यात सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यतेला किमान २००० तासांचं, दोन ते चार वर्षांत पसरलेलं शिक्षण धरलंय. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र तिथपर्यंत पोचत नाही. यूट्यूबवर 'आधी ईएमटी लायसन्स काढा, मग पॅरामेडिक कॉलेज' असं सांगतात ती अमेरिकेतली शिडी आहे. आपल्या पदवीला बारावीवरून थेट जाता येतं.

आता टक्के. आरोग्य शाखेत पाहतात ते फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी या तीन विषयांची बेरीज, एकूण टक्केवारी नाही. मराठी, इंग्रजी आणि पर्यावरण धरून ६८ टक्के झालेला मुलगा पीसीबीत ५० च्या खाली असू शकतो आणि यादीत नाव न दिसल्यावर चक्रावतो. हिशेब असा: फिजिक्स ५२, केमिस्ट्री ४८, बायोलॉजी ६१, बेरीज ३०० पैकी १६१, म्हणजे ५३.६७ टक्के. तिन्ही विषय स्वतंत्रपणे पास हवेत आणि इंग्रजीही. बायोलॉजीऐवजी गणित घेतलेल्यांना हे दार बंद असतं. किमान टक्क्याची रेषा खुल्या गटाला वरची, राखीव गटांना खालची असते आणि ती त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत छापलेली असते. मागच्या वर्षीच्या पीडीएफवर विसंबू नका. वय प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण हवं.

नीटबद्दल: फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीला महाराष्ट्रात नीट लागते. तुमच्या कोर्सला लागो न लागो, फॉर्म भरून ठेवा. फॉर्मची मुदत बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी संपते आणि निकालानंतर कुणी 'नीटचा स्कोअर?' म्हणून विचारलं तर मागं फिरता येत नाही. आणि 'मराठवाड्याचा ७०:३० कोटा' (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना) आहे म्हणून कुणी आश्वासन देत असेल तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. वैद्यकीय प्रवेशातला तो कोटा २०२० मध्येच रद्द झाला.

आता कागदपत्रं. खरी अडचण इथंच होते, टक्क्यांनी अडणाऱ्यांपेक्षा कागदानं अडणारे जास्त.

दहावी-बारावीचे मेमो (गुणपत्रकं), टीसी, आधार, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र, हे सगळ्यांना. त्यात पहिली पकड नावाची. दहावीच्या मेमोवर एक, आधारवर दुसरं, टीसीवर वडिलांच्या नावात एक अक्षर कमी, असं असेल तर दहावीच्या मेमोवरचं नाव मूळ धरा आणि बाकीचे त्याप्रमाणं दुरुस्त करून घ्या, उलटं नको. बीड, धारूर, वडवणीकडच्या ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांच्या शाळा बदललेल्या असतात आणि प्रत्येक टीसीवर जन्मठिकाण वेगळं सापडतं. हे जूनमध्ये लक्षात आलं तर उशीर झालेला असतो, दिवाळीच्या सुट्टीतच सगळे उतारे एका टेबलावर मांडून पाहा. बारावीनंतर एखादं वर्ष घरी गेलं असेल तर खंडाचं प्रतिज्ञापत्र लागतं. बीएस्सीला नाव घातलं असेल तर त्या कॉलेजची टीसी परत आणावी लागते, आणि ती फी भरल्याशिवाय सुटत नाही. सीबीएसईवाल्यांनी मायग्रेशन सर्टिफिकेट विसरू नये.

राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे आपली 'व्हॅलिडिटी', लागतं. हा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजच्या शिफारशीसह ऑनलाइन भरायचा आणि प्रत जिल्हा जात पडताळणी समितीकडं द्यायची. पुरावा जुना हवा: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आपल्याकडं अडचण अशी की आजोबा-पणजोबांच्या नोंदी निजामाच्या काळातल्या, उर्दूत किंवा मोडीत. त्यांचं भाषांतर जाणकाराकडून करून जोडावं लागतं, नुसती झेरॉक्स लावली की त्रुटी निघते. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा सगळ्यात उपयोगी. चुलत्याची किंवा आत्याची व्हॅलिडिटी आधीच झालेली असेल तर वंशावळीसकट तीच जोडा, काम निम्मं होतं. मराठा मुलांनी एसईबीसीतून भरायचं की कुणबी नोंदीवर ओबीसीतून, हे फॉर्म भरण्याआधी घरात ठरवा. फॉर्मवर एक प्रवर्ग आणि हातात दुसऱ्याची व्हॅलिडिटी असं झालं की जागा खुल्यात जाते. काही वर्षी शासन व्हॅलिडिटीला जादा मुदत देतं, पण त्या भरवशावर बसणं म्हणजे पावसाच्या भरवशावर पेरणी.

एससी-एसटी सोडून बाकी राखीव प्रवर्गांना नॉन-क्रिमीलेयर लागतं आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. जानेवारीत काढलेलं जूनमध्ये दाखवायला गेलात आणि ते मार्चमध्येच संपलेलं निघालं, ही दरवर्षीची गोष्ट. दाखल्यावर मुदत छापलेली असते, सेतूतून बाहेर पडायच्या आत वाचा. उत्पन्नाच्या दाखल्याचंही तेच. तसंच केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला राज्याच्या प्रवेशाला चालत नाही, आणि राज्याचा केंद्राला.

फीचं एक सांगतो. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरची सवलत शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या जागेला असते. व्यवस्थापन कोट्यातली जागा घेऊन नंतर स्कॉलरशिप बसेल, असं कॉलेजचा माणूस म्हणत असेल तर ते लिहून मागा. मुलींसाठी ८ जुलै २०२४ च्या निर्णयानं ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण तीही याच अटीवर.

आता शरीराचं. फिटनेस सर्टिफिकेट नोंदणीकृत एमबीबीएस डॉक्टरचं लागतं, काही ठिकाणी जिल्हा शल्यचिकित्सकांचं. रक्त पाहून भोवळ येणं सवयीनं जातं. पाठीचं जुनं दुखणं मात्र लपवू नका, स्ट्रेचरवरचा माणूस जिन्यावरून उतरवताना ते उघडं पडतंच. गाडी लागत असेल तर मागं, आडव्या बाकावर बसून एकदा लांबचा प्रवास करून बघा.

लसीचं वेळापत्रक बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. हिपॅटायटिस-बीचे तीन डोस: आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी. देशभरच्या नियमित लसीकरणात ही लस २०११ मध्ये आली, तुम्ही त्याआधी जन्मलेले, म्हणून घेतली असेलच असं धरू नका. प्रवेशाच्या वेळी पहिला डोस घेणारा मुलगा वॉर्डात उतरतो तेव्हा अर्धवट संरक्षणावर असतो, आणि सुई टोचण्याचे प्रकार शिकतानाच जास्त होतात. बारावीच्या दिवाळीत सुरू केलीत तर मे अखेर तीन डोस पूर्ण. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (रक्तात लसीचं संरक्षण किती तयार झालं ते) तपासा, १० किंवा वर हवं. कमी आलं तर पुन्हा डोस घ्यावे लागतात. धनुर्वाताची टीडी १६ व्या वर्षी घेतली असेल तर तिची नोंद जपून ठेवा.

बीएलएस म्हणजे सीपीआरचा कोर्स पदवीच्या प्रवेशाला सहसा मागत नाहीत. कार्ड दोन वर्षंच चालतं, म्हणून बारावीत काढून ते वाया घालवू नका, इंटर्नशिपच्या तोंडावर काढा.

शेवटी कॉलेज पारखायचं. मराठवाड्यात घाटी (छत्रपती संभाजीनगर), अंबाजोगाई, नांदेड, लातूर ही जुनी शासकीय महाविद्यालयं आहेत, धाराशिव, परभणी, जालना, हिंगोलीची नवी. शासकीय ठिकाणी तुमच्या शाखेच्या जागा आहेत का हे आधी बघा, मग खासगीकडं वळा. खासगीत गेलात तर टक्के आणि फीच्या आधी चार गोष्टी विचारा: पदवी कुणाची, विद्यापीठाच्या संलग्न यादीत या कोर्ससाठी कॉलेजचं नाव आहे का, कॅज्युअल्टी आणि अँब्युलन्सवर नेमके किती तास आणि कोणत्या दवाखान्यात, आणि मागच्या तुकडीतल्या मुलांची महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी झाली का. चौथ्या प्रश्नावर 'ते नंतर होतं' असं उत्तर आलं तर पावती फाडायच्या आधी चहा पिऊन बाहेर पडा. परराज्यातल्या विद्यापीठाच्या नावावर घरबसल्या, एका वर्षात पॅरामेडिक करून देणारे तर आत शिरायच्याही लायकीचे नाहीत. स्ट्रेचर उचलायला ऑनलाइन शिकवता येत नाही.

मूळ कागदपत्रं कॉलेजात जमा करताना प्रत्येकाची पोच घ्या, आणि त्याआधी टीसीच्या पाच-सहा साक्षांकित प्रती काढून ठेवा.