इबेग्वूंना 'दुष्टात्मे' लिहू नका

नायजेरियातल्या इगाला लोकांच्या धर्मातल्या चांगल्या-वाईटावर प्रबंध लिहिताय, ती तुमची पोस्ट वाचली आणि माझाच जुना प्रबंध आठवला. 'चांगलं'च्या रकान्यात ओजो, 'वाईट'च्या रकान्यात इबेग्वू म्हणजे पूर्वजांचे आत्मे, आणि आता मार्गदर्शक विचारताहेत की इगाला धर्मात सैतान कुठे आहे. मीही हुबेहूब हाच तक्ता केला होता. ओजो म्हणजे इगालांचा सर्वोच्च देव, अट्टा त्यांचा राजा, इडाह त्याची राजधानी, हे तुम्हाला ठाऊकच असणार, म्हणून त्यात जात नाही.

माझं एक वर्ष त्या दुसऱ्या रकान्याने खाल्लं. इबेग्वू आजारपण आणतात एवढंच डोक्यात बसलं होतं, म्हणून सगळीकडे 'दुष्टात्मे' लिहून मोकळी झाले. पुण्यात शिकायला आलेल्या एका इगाला मुलाला ते पान उत्साहाने समजावून सांगितलं. चहाचा ग्लास बाजूला ठेवून तो म्हणाला, "माझे आजोबा इबेग्वूंमध्येच आहेत. ते दुष्ट?" मग पेन्सिलने त्या शब्दाखाली एक बारीक रेघ ओढली. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

इबेग्वू म्हणजे घरातलेच गेलेले. लग्न झालेल्या बाईने व्यभिचार केला की त्यांचा कोप होतो, कधी तिच्यावर, कधी मुलांवर. इफा (कौल लावण्याची रीत) पाहणारा कारण शोधतो, कबुली द्यावी लागते, पूर्वजांना शांत करावं लागतं. जे शिक्षा करतात तेच घराची नीती राखतात, मग त्यांना कोणत्या रकान्यात घालणार? चेटकाची भीती इगालांमध्येही आहे, पण ते वाईट जिवंत माणसाच्या हातून घडतं. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न सैतानाचा नाहीच. आईच्या चुकीपायी लेकराने का भोगावं, आणि कोप बाईवरच इतका का, यावर लिहा. (मी तत्त्वज्ञानाची प्राध्यापक नाही, आणि गावोगावच्या रीती वेगळ्या असू शकतात.)

इगालांना सैतान नाही, हे माझ्या छाननी समितीला पटेना. त्यांच्या तक्त्यात 'दुष्ट शक्तीचे नाव' असा रकाना होता आणि तो रिकामा ठेवला म्हणून प्रबंध तीनदा परत आला. एकानेही पान उलटून वाचलं नाही. आजही आठवलं की संताप होतो. असा रकाना भरायला लावल्याने काय होतं ते शेजारच्या योरुबांकडे बघा. योरुबा बिशप क्राउदर यांच्या 19व्या शतकातल्या योरुबा बायबलमध्ये सैतानासाठी एशू हा शब्द आला, आणि चौरस्त्यावरचा, देवांचे निरोप पोचवणारा एशू लाखो लोकांच्या तोंडी सैतान झाला.

मराठीत लिहिताय, तर 'पितृदोष' हा शब्दही टाळा. मला तो फार जवळचा वाटला होता. पण आपल्याकडे पितर अतृप्त राहिले, त्यांचं श्राद्ध चुकलं, यावर भर असतो. इबेग्वू जिवंतांच्या वागण्यावर नजर ठेवतात.

आणि इनिक्पीला या प्रकरणात घुसवू नका. इडाह वाचावं म्हणून जिवंत पुरून घेतलेली ती राजकन्या, तिचा पुतळा आजही तिथे उभा आहे. बापाने मुलीचा जीव जाऊ दिला हे चांगलं की वाईट, यालाच एक अख्खं प्रकरण लागेल.