युक्रेनी आडनावांतील टोपणनावे

मुष्टियोद्धा ओलेक्सांद्र उसिक याच्या आडनावाचा अर्थ 'लहानशी मिशी' असा आहे का, आणि युक्रेनमध्ये अशा टोपणनावांची आडनावे कशी झाली, असा प्रश्न विचारला गेला आहे.

अर्थ बरोबर आहे. युक्रेनी भाषेत मिशीला 'वुस' किंवा 'उस' म्हणतात आणि 'इक' हा लघुत्वदर्शक प्रत्यय आहे. मात्र अशा आडनावांचा विचार करताना मूळ शब्दाइतकेच लक्ष शेवटाकडे द्यायला हवे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. कारण टोपणनाव मुळात कोणाला पडले होते याचा माग बहुधा तिथेच लागतो. कुच्मा (केसाळ टोपी), मोरोज़ (कडाक्याची थंडी) किंवा अठराव्या शतकातील तत्त्वज्ञ ह्रिहोरी स्कोवोरोदा यांचे आडनाव (तवा) ही नुसती नामे आहेत आणि ती थेट त्या माणसालाच चिकटलेली असत. 'एन्को' जोडला की ते नाव बापाचे ठरते: रुदेन्को म्हणजे तांबूस केसांच्या माणसाचा मुलगा आणि दोव्झेन्को म्हणजे उंच माणसाचा. 'एन्को' प्रामुख्याने द्नीप्रो नदीच्या परिसरातला. पश्चिमेकडच्या वोलिन आणि पोदिल्या या प्रदेशांत 'उक', 'चुक' हे प्रत्यय अधिक आढळतात. पश्चिम युक्रेनमधील गॅलिशियात तर आईकडून आलेली आडनावेही आहेत. लोहाराच्या बायकोला 'कोवालिखा' म्हणत, म्हणून तिचा मुलगा कोवालिशिन.

सर्वांत रसाळ नावे कॉसॅकांची, म्हणजे युक्रेनच्या गवताळ मैदानांतल्या लढवय्यांची. झापोरिझ्झ्याच्या छावणीत दाखल होणाऱ्याला सोबती बहुधा नवेच नाव ठेवत, आणि त्यांतली कित्येक नावे म्हणजे आज्ञार्थी क्रियापद व नाम यांचा जोड असे. आपल्या 'वाघमारे'त वाघ मारणारा दिसतो, तर 'उबिय्वोव्क' हा सरळ हुकूम आहे: लांडगा मार! 'नेयिझ्माक' म्हणजे 'खसखस खाऊ नको', तर 'नेतुदिखाता' या क्रियापदाविना बनलेल्या नावाचा अर्थ 'घर तिकडे नाही' असा होतो. पोलंडच्या सत्तेविरुद्धच्या ख्मेल्नित्स्कीच्या उठावातील सेनानी माक्सिम क्रिवोनिस याचे उदाहरण तर फारच बोलके आहे. क्रिवोनिस म्हणजे वाकड्या नाकाचा. त्यालाच पेरेबिय्निस, म्हणजे 'नाक फोड', असेही म्हणत, आणि ही दोन्ही नावे आजही आडनावे म्हणून टिकून आहेत. या उठावादरम्यान पोलंडशी झालेल्या १६४९ च्या झ्बोरिवच्या तहाने नोंदणीकृत (म्हणजे सैन्यात अधिकृतपणे गणलेल्या) कॉसॅकांची संख्या ४०,००० ठरवली आणि त्यांची नावनिशीवार नोंदवही तयार झाली, त्यामुळे त्या काळची असंख्य टोपणनावे कागदावर आली.

अर्थ लावताना एक सावधगिरी मात्र बाळगावी. 'लिसी' म्हणजे टकला आणि 'लिस' म्हणजे कोल्हा, आणि 'लिसेन्को' हे आडनाव दोन्हींपासून सारख्याच सहजतेने तयार होते. त्यामुळे एखाद्या लिसेन्को घराण्याचा मूळ पुरुष टकला होता की लोक त्याला कोल्हा म्हणत, हे नुसत्या आडनावावरून ठरवता येत नाही; त्यासाठी त्या गावच्या चर्चमधील जुन्या नोंदीच पाहाव्या लागतात.