राष्ट्राध्यक्षांचा आदेश न्यायालयात टिकेल का, हे आधी कसे ओळखावे?

प्रश्न : अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी मतदानाच्या नियमांबाबत आदेश काढला, की दुसऱ्याच दिवशी जाणकार सांगू लागतात, अमुक कलम न्यायालयात टिकणार नाही, तमुक टिकेल. मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. न्यायाधीशांची नेमणूक कोणत्या पक्षाच्या काळात झाली, एवढ्यावरूनच हे अंदाज बांधतात, की त्यामागे काही पद्धत असते?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : पद्धत असते, आणि ती आपल्याला सहज आत्मसात करता येईल. संपूर्ण आदेशाबद्दल एकच भाकीत करू नका. प्रत्येक कलम सुटे करून पाहा, की हुकूम कोणाला दिला आहे, तो देण्याचा अधिकार कोणत्या कायद्यातून येतो आणि त्याची झळ आज नेमकी कोणाला बसते.

अधिकाराचा प्रश्न सर्वांत आधी. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील चौथ्या कलमानुसार काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, निवडणुकांची वेळ, स्थळ आणि पद्धत राज्यांची विधिमंडळे ठरवतात, आणि त्यात बदल करण्याची मुभा काँग्रेसला आहे. या तरतुदीत राष्ट्राध्यक्षांना कोणतीही भूमिका दिलेली नाही. पोलाद गिरण्या ताब्यात घेण्याचा तत्कालीन राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 1952 मध्ये रद्द केला, तेव्हा न्यायमूर्ती जॅक्सन यांनी मांडलेली कसोटी इथे उपयोगी पडते : काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध वागणाऱ्या राष्ट्राध्यक्षांचा अधिकार सर्वांत क्षीण असतो.

आता ट्रम्प यांचा 25 मार्च 2025 चा आदेश घ्या. मतदार नोंदणीच्या संघीय अर्जावर आपण नागरिक आहोत की नाही, या प्रश्नापुढच्या चौकटीत खूण करायची असते आणि खाली सही करायची असते. माहिती खोटी निघाल्यास शिक्षा होऊ शकते. या खुणेच्या जोडीला पासपोर्टसारखा कागदोपत्री पुरावा सक्तीचा करण्यासाठी निवडणूक सहाय्य आयोगाने 30 दिवसांत पावले उचलावीत, असे आदेशात होते. हा आयोग काँग्रेसने 2002 च्या कायद्याने स्थापन केला, त्यात दोन्ही पक्षांचे प्रत्येकी दोन असे चार सदस्य असतात आणि निर्णयाला तीन मते लागतात. म्हणजे एका पक्षाला एकट्याने काही करता येऊ नये, हीच त्या रचनेमागची योजना. अशा आयोगाला निर्णय काय घ्यायचा हेच वरून सांगितले, की ते कलम अडचणीत येणार हे आदेश वाचतानाच दिसत होते. 24 एप्रिलला वॉशिंग्टनच्या न्यायाधीश कोलार-कोटेली यांनी त्याला तात्पुरती मनाई केली.

पण त्याच निकालाचा दुसरा भाग मला अधिक शिकवणारा वाटतो. मतदानाच्या दिवसानंतर टपालाने पोहोचलेल्या मतपत्रिका मोजणाऱ्या राज्यांवर कारवाई करण्याचे कलमही आदेशात होते, आणि त्याला स्थगिती देण्यास याच न्यायाधीशांनी नकार दिला. यावरून ते कलम वैध ठरले, असा अर्थ मात्र काढू नये. ही तक्रार करायची तर ती राज्यांनी करणे अधिक योग्य, वॉशिंग्टनमध्ये दावा लावणाऱ्या पक्ष आणि संघटनांनी नव्हे, असा त्यामागचा विचार होता. 19 राज्यांनी बोस्टनमध्ये वेगळा दावा लावला होता. तिथे न्यायाधीश कॅस्पर यांनी 13 जूनला त्याच कलमाची अंमलबजावणी त्या राज्यांपुरती रोखली. आदेश तोच, कलम तेच, वादी बदलले आणि निकाल बदलला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी सर्वोच्च न्यायालयाने देशभर लागू होणाऱ्या मनाई हुकुमांवर मर्यादा घातल्यामुळे, दावा कोणी लावला हा प्रश्न पूर्वीपेक्षाही वजनदार झाला आहे.

उलट बाजूचे उदाहरणही पाहा. बायडेन यांनी 2021 मध्ये संघीय खात्यांना मतदार नोंदणीस मदत करण्यास सांगितले होते. पेन्सिल्व्हेनियाच्या काही रिपब्लिकन आमदारांनी त्यास आव्हान दिले, परंतु आपले स्वतःचे नुकसान काय झाले हे त्यांना दाखवता आले नाही आणि 2024 मध्ये दावा फेटाळला गेला. स्वतःच्या खात्यांना दिलेली सूचना आणि राज्यांवर किंवा स्वतंत्र आयोगावर लादलेला नियम यांत न्यायालयाच्या दृष्टीने मोठे अंतर असते.

नेमणुकीचा आपला प्रश्न गैरलागू नाही. वर उल्लेखिलेल्या दोन्ही न्यायाधीशांची नेमणूक डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्षांनी केली होती. मात्र ॲरिझोनाला संघीय अर्जासोबत नागरिकत्वाचा जादा पुरावा मागता येणार नाही, हा 2013 चा सात विरुद्ध दोन मतांचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नेमलेल्या न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिला होता, आणि नागरिकत्वाच्या पुराव्याचा वाद समजून घेताना तो आधी वाचावा लागतो. म्हणून नेमणुकीचा विचार मी सर्वांत शेवटी करतो.

एक गोष्ट मात्र अंदाज बांधताना हमखास निसटते, ती म्हणजे तारीख. निवडणूक तोंडावर आली असताना संघीय न्यायालयांनी मतदानाचे नियम बदलू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये बजावले आहे. त्यामुळे पुढचा आदेश हाती येईल तेव्हा त्याखालची तारीख आणि मतदानाचा दिवस यांच्यात किती आठवडे उरले आहेत, ते आधी मोजा आणि मग कलमे वाचायला घ्या.