ग्रॅनाइट बघायला जातोयस? आधी भेगा मोज

खाणीसाठी बघतोयस त्या देगलूरकडच्या टेकडीचा, तू पाठवलेला फोटो पाहिला. गुलाबी रंग झकास, पण रंगावर भाळू नकोस. उजव्या अंगाला हातभर अंतरावर उभ्या भेगा दिसतायत. तिथून खडी निघेल, ब्लॉक (फरशा कापायला लागणारे मोठे अखंड दगड) नाही.

उघड्या खडकावर टेप सरळ धर, प्रत्येक भेगेचं अंतर वहीत लिही. मग काटकोनात तसंच. दोन्हीकडे दीड-दोन मीटर अखंड दगड मिळाला तरच पुढचा खर्च. जमिनीला समांतर भेगा मात्र खोलवर विरळ होत जातात, म्हणून वरचा थर बघून लगेच निराश व्हायचं नाही. खोलवरचं कळायला कोअर ड्रिलिंग, म्हणजे पोकळ ड्रिलने दगडाचा लांब दंडगोल (कोअर) बाहेर काढणं. तो दंडगोल ड्रिलमुळे मोडलाय की मुळातल्या भेगेवर, हे नीट बघ: जुन्या भेगेच्या तोंडावर बहुधा तांबूस डाग असतो, नवा तुटका भाग लखलखीत.

घण मारून आवाज ऐक. बद्द वाजला तर आत चीर समज. दगड ओला करून बघ, पॉलिशचा रंग साधारण तसाच येतो. मी एकदा सोनेरी ठिपक्यांवर खूश झालो होतो. पायराइट (लोह-गंधकाचं, हवापाण्यात गंजणारं खनिज) निघालं, दोन पावसाळ्यांत भिंतीवर गंजाचे ओघळ!

आणि हो, एक घनमीटर म्हणजे सुमारे 2.6 टन. ट्रक जाईल असा रस्ता आहे ना तिथे?