वादळात ब्रायटनला जातोयस? आधी हे वाच

अरे जा की बिनधास्त. पहिल्या टर्मला मीपण असाच लंडनहून एका दिवसासाठी ब्रायटनला, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या शहरात, गेलेलो, छत्री घेऊन (हसू नकोस), स्टेशनबाहेर पाच मिनिटात नुसत्या काड्या उरल्या. तिकडे पाऊस आडवा येतो, त्यामुळे टोपीवालं वॉटरप्रूफ जॅकेट घाल आणि जीन्स नको, ओली झाली की दिवसभर वाळत नाही.

सकाळी दोन गोष्टी बघ:
- मेट ऑफिसची (तिकडचं हवामान खातं) वॉर्निंग. यलो असेल तर जपून जा, अंबर किंवा रेड असेल तर सरळ पुढच्या शनिवारी, ब्रायटन कुठे पळून जात नाही
- परतीच्या ट्रेन. शेवटच्या गाडीवर विसंबू नकोस, डिसेंबरात तसाही चारला अंधार पडतो

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे लाटांजवळ जाणं. मरीन ड्राइव्हवर लाटा अंगावर घेतलेले आपण, वाटतं त्यात काय एवढं. पण तिथे वाळू नाही, गोटे आहेत, उतारपण बराच, लाट मागे जाताना पायाखालचे गोटेच सरकतात आणि पाणी बर्फासारखं. वरच्या रस्त्यावरून बघ, १९७५ पासून बंद असलेल्या वेस्ट पिअरचा (समुद्रात आत गेलेला जुना धक्का) सांगाडा त्या लाटांमध्ये काय दिसतो! कोणी पाण्यात पडलंच तर मागे उडी मारू नकोस, ९९९ लावून कोस्टगार्ड माग.

पॅलेस पिअर (दुसरा, चालू असलेला धक्का) बंद असला तर ‘द लेन्स’ नावाच्या अरुंद गल्ल्यांमध्ये फिर, गरम फिश अँड चिप्स खा. आतच बसून खा पण, बाहेर सीगल हातातून पळवतात.